लाकूड ओळखणारा मास्तर

आधी एक कबुली देतो. मराठी विभागाच्या संपादक मंडळाने माझ्याकडे एका थोर व्यक्तीचं चरित्र मागितलं होतं. सोबत यादीही दिली होती. तिच्यात विश्वेश्वरय्या होते, कलाम सर होते, एडिसन होता. सगळेच आदरणीय! पण दरवर्षी आपल्या अंकात त्यांच्यापैकी कोणीतरी असतंच. म्हणून मी यादी बाजूला ठेवली आणि एका इंग्रज मास्तरावर लिहायचं ठरवलं. त्याचं नाव रॉजर अ‍ॅस्कम. तो जाऊन साडेचारशेहून जास्त वर्षं झाली. तो इंजिनिअर नव्हता. ग्रीक आणि लॅटिन शिकवायचा आणि इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा गुरू होता. साहित्य शिकणाऱ्यांना तो माहीत असतो, आपल्याला सहसा नसतो. माझी आणि त्याची गाठ पडली ती एका मोडक्या फळीमुळे.

झालं असं, की सेकंड इयरच्या सुट्टीत मला धनुष्य बनवायचं खूळ लागलं. बांबूचं नाही, फळीचं. घराजवळच्या दुकानातून पॅकिंगच्या खोक्याला वापरतात तसली पाइनची फळी आणली, रंधा मारला, दोन्ही टोकांना खाचा केल्या, नायलॉनची दोरी बांधली आणि गच्चीवर जाऊन ऐटीत ओढलं. अर्ध्यावर आलो असेन नसेन, फटाका फुटावा तसा आवाज झाला. वरचा तुकडा कानाजवळून गेला आणि खालचा मांडीवर बसला. आई धावत वर आली. पुढचं सांगत नाही!

कॉलेज सुरू झाल्यावर ते दोन तुकडे घेऊन मी कारपेंट्री शॉपमधल्या मामांकडे गेलो. मामांनी रंध्याला नावं ठेवली नाहीत की दोरीला. मोडलेली जागा उजेडात धरली आणि बोटाने एक रेघ दाखवली. लाकडाची रेषा, जिला आपण वर्कशॉपमध्ये ग्रेन म्हणतो, ती फळीच्या मधोमध तिरकी होऊन कडेबाहेर निघून गेली होती. बरोबर तिथेच फळी फाटली होती. मामांचं म्हणणं एवढंच, की फळी मोडली ती गच्चीवर नाही, दुकानातच मोडलेली होती. मी ती बघून घेतली नाही.

मग वाचायला लागलो. लाकडी धनुष्यावर जिथे जिथे वाचावं तिथे एक नाव हमखास यायचं : अ‍ॅस्कम, आणि त्याचं १५४५ सालचं पुस्तक ‘टॉक्सोफिलस’. ग्रीक शब्दांवरून केलेलं हे नाव, अर्थ धनुष्याचा प्रेमी. पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. स्पेलिंग जुनं असल्यामुळे पहिली दहा पानं डोकं उठतं, पण मग सवय होते. आणि एका जागी मी थबकलोच. मामांनी बोटाने दाखवलेली रेघ तिथे होती!

तर आता या माणसाबद्दल.

रॉजर अ‍ॅस्कमचा जन्म १५१५ च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमधल्या कर्बी विस्क या खेड्यात झाला. वडील एका सरदाराकडे कारभारी होते. म्हणजे घर खाऊनपिऊन ठीक, पण मुलांना मोठं शिक्षण द्यावं इतकी ऐपत नव्हती. रॉजरचं नशीब असं, की सर हम्फ्री विंगफील्ड नावाच्या गृहस्थांनी त्याला आपल्या घरी ठेवून शिकवलं. त्यांच्या घरी आणखीही मुलं शिकत. हे गृहस्थ लंडनला गेले की येताना मुलांसाठी धनुष्यं आणि बाण घेऊन येत, त्यांना मैदानावर नेत आणि स्वतः उभं राहून त्यांची नेमबाजी बघत. जो सर्वांत छान नेम मारेल त्याला सर्वांत चांगलं धनुष्य. जो वेडावाकडा मारेल त्याची बाकीच्यांनी थट्टा करायची, तो सुधारेपर्यंत. अ‍ॅस्कमने पुढे आयुष्यभर या माणसाचे उपकार मानले. आपण जे काही शिकलो त्याची सुरुवात तिथे झाली असं तो लिहून गेला आहे.

१५३० मध्ये, म्हणजे साधारण पंधराव्या वर्षी, तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. त्या काळी तिथे ग्रीक भाषेचं वारं नुकतंच सुरू झालं होतं आणि जॉन चीक हा तरुण शिक्षक त्यात पुढे होता. अ‍ॅस्कम त्याच्या हाताखाली तयार झाला. १५३४ मध्ये बी.ए., १५३७ मध्ये एम.ए. मग तिथेच शिकवायला लागला. अक्षर इतकं सुंदर, की विद्यापीठाची महत्त्वाची पत्रं त्याच्याकडून लिहून घेत. पण हा विद्वान माणूस रिकाम्या वेळात धनुष्य घेऊन मैदानावर जायचा आणि ते काहींना पटत नव्हतं. अभ्यास करणाऱ्याने अभ्यास करावा, हे काय भलतंच! आपल्याकडे गेट द्यायची सोडून ट्रेकिंगला जाणाऱ्या मुलाला जे ऐकावं लागतं, तेच.

अ‍ॅस्कमने उत्तर म्हणून पुस्तकच लिहिलं. ‘टॉक्सोफिलस’मध्ये दोघे मित्र गप्पा मारतात, एक धनुष्याचा प्रेमी आणि दुसरा पुस्तकांचा प्रेमी. पहिल्या भागात नेमबाजी ही विद्यार्थ्याला आणि देशाला कशी उपयोगाची आहे याची चर्चा आहे. दुसरा भाग मात्र अस्सल मॅन्युअल आहे. दोरी कशी असावी, बाण कुठल्या लाकडाचा, पिसं कुठल्या पक्ष्याची, उभं कसं राहायचं, सोडायचं कसं आणि धनुष्य कसं निवडायचं.

यात एक मोठी गोष्ट आहे. त्या काळी शहाण्या माणसाने लॅटिनमध्ये लिहायचं असा दंडक होता. अ‍ॅस्कमला लॅटिन तर पाण्यासारखं येत होतं. त्यानेच प्रस्तावनेत कबूल केलंय, की लॅटिनमध्ये किंवा ग्रीकमध्ये लिहिणं आपल्याला सोपं गेलं असतं आणि नावही जास्त झालं असतं. तरी त्याने ते इंग्रजीत लिहिलं. कारण साधं होतं. धनुष्य वापरणारा माणूस इंग्रजी बोलणारा होता, मग पुस्तक त्याला कळेल अशा भाषेत नको का? साध्या माणसासारखं बोलावं, पण विचार मात्र पक्का असावा, अशी त्याची धारणा होती. तेव्हाच्या इंग्रजीला विद्वानांच्या जगात किंमत नव्हती हे आज सांगून कोणाला खरं वाटणार नाही! मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. फर्स्ट इयरला वर्गात प्रश्न विचारायला तोंड उघडत नव्हतं. हे वाचून मला काय वाटलं असेल ते तुमच्यापैकी निम्म्या जणांना सांगायला नको.

आता लाकडाकडे येऊ, कारण त्याच्यासाठीच तर मी इथवर आलो.

धनुष्य वाकतं तेव्हा नेमबाजाकडची बाजू दाबली जाते आणि समोरची, निशाणाकडची बाजू ताणली जाते. एस.ओ.एम.मधली साधी बीम. अ‍ॅस्कमकडे एस.ओ.एम. नव्हतं, पण अनुभव होता. तो सांगतो, की एल्म, अ‍ॅश वगैरे लाकडं धनुष्याला जेमतेमच; खरं लाकूड यू या झाडाचं. त्यामागचं कारण आज आपल्याला सांगता येतं. यूचा लालसर गाभा दाब उत्तम सोसतो आणि सालीखालचं पांढरट लाकूड ताण उत्तम सोसतं. गाभा आतल्या बाजूला आणि पांढरं लाकूड बाहेर ठेवून धनुष्य कोरलं, की निसर्गानेच बनवलेलं कॉम्पोझिट मटेरियल हातात येतं. चांगल्या यूचा इंग्लंडमध्ये इतका तुटवडा होता, की १४७२ च्या कायद्याने परदेशी व्यापाऱ्यांना मालाच्या दर टनामागे धनुष्याला लायक असे चार ओंडके आणणं सक्तीचं केलं होतं. ‘टन’ म्हणजे इथे पिंपांवरून ठरवलेलं जहाजी माप.

पण नुसतं जातीचं लाकूड असून भागत नाही. अ‍ॅस्कम पुढे विचारतो, की ते झाडाच्या कुठल्या भागातून आलं? फांदीचं असेल तर त्याला गाठी फार, ते अशक्त, आणि थोड्याच दिवसांत दोरीकडे वाकून तसंच राहणार. कोवळ्या सरळ रोपाचं असेल तर कधी कधी चांगलं निघतं. पण सर्वांत उत्तम ते मुख्य खोडाचं. स्वच्छ, बिनगाठीचं, पूर्ण वाढलेलं आणि कठीण. त्यालाही अट आहेच. ते खोड सरळ चिरफाळून फोडलेलं असावं आणि नंतरचं काम लाकडाला आडवं न जाता, लाकूड जसं वाढलं असेल तसतसं, त्याच्या रेषेच्या मागोमाग करावं. मी थबकलो ती जागा हीच.

थोडं समजावून सांगतो. पाचर मारून लाकूड फोडलं तर ते आपोआप तंतूंच्या बाजूने फुटतं. करवतीला मात्र तंतू कळत नाहीत, ती सरळ जाते. झाड वाकडं वाढलेलं असलं तरी फळी सरळच निघते, फक्त तिच्यातले तंतू कापले गेलेले असतात. लाकूड तंतूंच्या दिशेने जितकं ताकदवान असतं, त्याच्या कितीतरी पटींनी ते आडव्या दिशेने दुबळं असतं. ताणाच्या बाजूला तंतू कापलेला असला, की तिथून कपची उचलली जाते आणि पुढचा फटाका तुम्हाला माहीत आहेच. वखारीतली प्रत्येक फळी ही करवतीचीच असते. त्यामुळे फळीचं धनुष्य करणाऱ्याचं खरं काम म्हणजे शेकडो फळ्यांमधून अशी एक शोधणं, जिच्यात करवत योगायोगाने झाडाच्या रेषेवरूनच गेली आहे. कौशल्य नंतर, शोध आधी.

अ‍ॅस्कमने दुकानात जाऊन धनुष्य घेणाऱ्यालाही सल्ला दिलाय. वजनदार बघा, मजबूत बघा, सरळ पडलेलं बघा, पिळवटलेलं नको, गाठ नको, वाऱ्याने खोडात पडलेली फट नको, चिमटा बसल्यासारखी बारीक आडवी सुरकुती नको. ही सुरकुती म्हणजे दाबाने तंतू चुरडले गेल्याची खूण, आपल्या भाषेत कॉम्प्रेशन फेल्युअर. आखूड रेषेचं लाकूड ठिसूळ असतं हेही त्याने सांगून ठेवलंय. मात्र शेवटी धनुष्य ओळखायचं ते वापरून, नुसतं बघून नाही, असंही तो म्हणतो. घेतल्यावर ते पुन्हा कारागिराकडे न्यावं आणि दोन्ही बाजू सारख्या गोलाईने वाकतील असं तासून घ्यावं. रोज मेण लावलेल्या लोकरी कापडाने पुसावं. दमट हवेपासून जपावं.

आणि निरीक्षण तरी किती बारीक! एकदा हिवाळ्यात तो यॉर्कशायरमध्ये टॉपक्लिफहून बरोब्रिजकडे घोड्यावरून चालला होता. जमिनीवर बर्फाचा थर होता आणि वरचा भुसभुशीत बर्फ वाऱ्याबरोबर वाहत होता. त्यामुळे एरवी न दिसणारा वारा त्याला चक्क डोळ्यांनी दिसला. वारा सगळीकडे सारखा वाहत नाही, पट्ट्यापट्ट्याने वाहतो. एक पट्टा पळतोय तेव्हा शेजारचा शांत असतो. मधेच जोर वाढतो, मधेच दिशा बदलते. बाणावर वाऱ्याचा परिणाम काय होतो हे सांगताना त्याने हे सगळं लिहून ठेवलं. आपण एफ.एम. लॅबमध्ये रंगीत पाणी सोडून फ्लो व्हिज्युअलायझेशन करतो, तेच. फक्त हा माणूस थंडीत घोड्यावर बसून करत होता आणि जर्नल कंप्लीट करायची सक्ती त्याला कोणी केलेली नव्हती.

पुस्तक आठव्या हेन्री राजाला अर्पण केलेलं होतं. १५४५ मध्ये ग्रिनिचच्या राजवाड्यात त्याने ते स्वतः राजाला दिलं. राजा खूश झाला आणि त्याने अ‍ॅस्कमला वर्षाला दहा पौंडांचं वर्षासन लावून दिलं. योगायोग बघा, त्याच वर्षी १९ जुलैला हेन्रीचं लाडकं लढाऊ जहाज ‘मेरी रोझ’ पोर्टस्मथजवळ बुडालं. ते १९८२ साली समुद्रातून वर काढलं. उत्खननात शंभराहून जास्त धनुष्यं आणि हजारो बाण सापडले. धनुष्यं साधारण दोन मीटर लांब आणि यूचीच! पुस्तकात वाचलेलं लाकूड चार शतकांनी चिखलातून बाहेर आलं.

पुढचं आयुष्य राजदरबारी गेलं. राजकन्या एलिझाबेथला शिकवणारा विल्यम ग्रिंडल हा अ‍ॅस्कमचाच विद्यार्थी होता. तो १५४८ च्या सुरुवातीला प्लेगने गेला. तेव्हा चौदा वर्षांच्या एलिझाबेथने हट्ट धरून खुद्द अ‍ॅस्कमला बोलावून घेतलं. सकाळी ग्रीक, दुपारी लॅटिन असा त्यांचा अभ्यास चाले. तिला तो एक उतारा लॅटिनमधून इंग्रजीत करायला लावायचा, मग थोड्या वेळाने तिचंच इंग्रजी बघून पुन्हा लॅटिनमध्ये. नंतर मूळ उतारा शेजारी ठेवून दोघं तुलना करत. चूक कुठे झाली ते विद्यार्थ्याला आपलं आपणच दिसतं, रागवायची वेळच येत नाही. दोन वर्षांत मात्र राजकन्येच्या घरच्या कारभाऱ्याशी त्याचं बिनसलं आणि १५५० मध्ये तो केंब्रिजला परतला.

त्याच वर्षी इंग्रज वकिलाचा सचिव म्हणून तो जर्मनीला निघाला. जाण्याआधी तो ब्रॅडगेटला लेडी जेन ग्रेच्या घरी गेला. घरचे सगळे शिकारीला गेले होते आणि ही कोवळ्या वयाची मुलगी खोलीत एकटीच प्लेटो वाचत बसली होती, तोही ग्रीकमध्ये. खेळ सोडून वाचतेस का, असं त्याने विचारल्यावर तिने सांगितलं, की आईवडील प्रत्येक गोष्टीत धाक दाखवतात, चिमटे काढतात, पण तिचे मास्तर इतक्या प्रेमाने शिकवतात की त्यांच्याजवळ असताना वेळ कसा जातो कळत नाही. अ‍ॅस्कम हे कधी विसरला नाही. ती त्यांची शेवटची भेट ठरली. १५५३ मध्ये मोठ्यांच्या राजकारणापायी या मुलीला नऊ दिवस इंग्लंडची राणी केलं गेलं आणि पुढच्या फेब्रुवारीत तिचा शिरच्छेद झाला.

अ‍ॅस्कम देव होता असं मी म्हणणार नाही. तो प्रॉटेस्टंट होता, पण कॅथलिक मेरी राणीच्या राज्यात गप्प राहून तिचा लॅटिन सचिव म्हणून काम करत राहिला. मित्रांची डोकी उडत होती त्या दिवसांत त्याने आपलं डोकं शाबूत ठेवलं. पैशासाठी बड्या लोकांना अर्ज-विनंत्या करण्यात त्याचं बरंच आयुष्य गेलं. फासे आणि कोंबड्यांच्या झुंजी यांचा नाद होता आणि त्यामुळे तो गरीबच राहिला असंही सांगतात. १५५४ मध्ये लग्न झालं, मुलं झाली, खर्च वाढले, तब्येत साथ देईना. १५५८ मध्ये एलिझाबेथ राणी झाली. तिने त्याला सचिवपदावर ठेवलं आणि राज्यकारभारातून वेळ काढून ती त्याच्याबरोबर ग्रीक वाचत बसे.

डिसेंबर १५६३. लंडनमध्ये प्लेग होता म्हणून दरबार विंडसरला हलला होता. राणीचा प्रमुख सचिव सेसिल याच्याकडे जेवायला बसलेले असताना बातमी आली, की ईटन शाळेतली काही मुलं माराच्या भीतीने पळून गेली. मंडळींत वाद सुरू झाला. काहींचं म्हणणं छडी हवीच. अ‍ॅस्कम म्हणाला, मुलांना शिक्षणाकडे ओढायचं तर प्रेमच उपयोगी पडतं. सर रिचर्ड सॅकव्हिल तिथे गप्प बसून ऐकत होते. नंतर त्यांनी अ‍ॅस्कमला बाजूला घेतलं. लहानपणी एका मारकुट्या मास्तरामुळे त्यांचं शिक्षणच तुटलं होतं आणि त्याची खंत त्यांना म्हातारपणापर्यंत होती. आपल्या नातवाचं तसं होऊ नये म्हणून त्यांनी अ‍ॅस्कमला शिकवण्यावर पुस्तक लिहायला सांगितलं.

ते पुस्तक म्हणजे ‘द स्कूलमास्टर’. त्यात तो पुन्हा लाकडाकडे येतो. तो म्हणतो, मास्तर लोक निवड करताना चुकतात. चटकन शिकणारा, चटचट उत्तर देणारा मुलगा त्यांना आवडतो आणि सावकाश शिकणाऱ्याला छडी बसते. पण जे पटकन येतं ते बऱ्याचदा पटकन जातंही. मूर्ती करायला सर्वांत मऊ लाकूड किंवा मऊ दगड कोणी घेत नाही. कठीण असेल तेच घेतात, कारण त्यावर कोरायला वेळ लागला तरी काम देखणं होतं आणि टिकतं. तशी काही मुलं असतात. त्यांच्यात शिरायला वेळ लागतो, पण एकदा शिरलं की बाहेर जात नाही.

मी हे वाचलं तेव्हा एम-थ्रीची केटी लागून मी हॉस्टेलच्या खोलीत तोंड लपवून बसलो होतो. एरवी असली वाक्यं पोस्टरवर वाचली तर हसलो असतो. पण हे सांगणारा माणूस आधी लाकडाबद्दल खरं बोलला होता. त्याने सांगितलेली तिरकी रेषा माझ्या मोडक्या तुकड्यावर मी डोळ्यांनी बघितली होती. त्यामुळे पोरांबद्दलही तो खरं बोलत असेल असं वाटलं.

अ‍ॅस्कम ३० डिसेंबर १५६८ रोजी लंडनमध्ये वारला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास. पुस्तक पूर्ण झालं नव्हतं. त्याची बायको मार्गारेट हिने ते हस्तलिखित १५७० मध्ये छापून आणलं. तिने ते केलं नसतं तर आज मी हे लिहू शकलो नसतो.

आता माझ्या धनुष्याचं काय झालं ते सांगून संपवतो.

टिंबर मार्केटमध्ये मी आणि रूममेट एका शनिवारी गेलो. यू आपल्याकडच्या वखारीत कुठून मिळणार? पण बाहेरून येणारं अ‍ॅश मिळालं. अ‍ॅस्कमने त्याला धनुष्यासाठी दुय्यम ठरवलं होतं, सैन्याच्या बाणांसाठी मात्र ते त्याला पसंत होतं. दुय्यम तर दुय्यम! दुकानदार वैतागेपर्यंत दीड तास आम्ही फळ्या उलटपालट केल्या. कोणाला करायचं असेल तर आमची पद्धत अशी. आधी रुंद बाजू बघा. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जायला हव्यात. मधेच कडेबाहेर निसटत असतील किंवा डोंगरासारखे आकार दिसत असतील तर फळी परत ठेवा. मग अरुंद बाजू बघा, तिथेही तोच नियम. तिसरं, गाठ नको, अगदी टाचणीच्या डोक्याएवढीसुद्धा. चौथं, फळीचं टोक बघा. अ‍ॅशच्या प्रत्येक वर्षवलयात एक सच्छिद्र पट्टा आणि एक घट्ट पट्टा असतो. घट्ट पट्टा जाड आणि सच्छिद्र पट्टा बारीक असेल ती फळी चांगली. पाचवं, सारख्या मापाच्या दोन फळ्यांत जड ती घ्या. पण ओली म्हणून जड नाही ना, याची खात्री करा. शेवटी डोळ्याजवळ धरून लांबीने नजर टाका, पीळ असेल तर लगेच कळतो.

चाळीसेक फळ्यांमधून दोन निघाल्या. एक घेतली. सहा फूट लांब, दोन इंच रुंद, पाऊण इंच जाड.

तासताना एस.ओ.एम. कामाला आलं. आयताकृती छेदाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो, म्हणजे जाडी दहा टक्के कमी केली तर ताठपणा सुमारे २७ टक्के घटतो. म्हणून पटाशी बाजूला ठेवून मामांनी मला काचेच्या तुकड्याने आणि पॉलिश पेपरने घासायला लावलं, तेही फक्त माझ्याकडच्या बाजूने. निशाणाकडच्या बाजूला हात लावायचा नाही, तिथले तंतू अखंड राहिले पाहिजेत. भिंतीवर अडकवून दोरी थोडी थोडी खाली ओढायची, कुठला भाग कमी वाकतोय ते बघायचं, तेवढाच घासायचा, पुन्हा बघायचं. तीन आठवडे लागले. अ‍ॅस्कमचं पुस्तक वाचलं होतं तरी मामांशिवाय जमलं नसतं आणि मामांनी अ‍ॅस्कमचं नावही कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांना ते फोडलेल्या खोडाबद्दलचं मराठीत सांगितलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि एवढंच विचारलं, की तो सुतार होता का? मी म्हटलं, नाही, मास्तर होता. मामांना ते पटलं नाही असं दिसलं.

धनुष्य अजून शाबूत आहे. सुमारे तीस पौंडांचं आहे आणि दोरी काढल्यावरही थोडंसं वाकलेलंच राहतं, म्हणजे अ‍ॅशबद्दल मास्तर बरोबरच होता. एम-थ्री दुसऱ्या प्रयत्नात सुटला, काठावर. आणि हो, ज्याला करायचं असेल त्याने नवं धनुष्य पहिल्यांदा ओढताना डोळ्यांवर गॉगल घाला, बाजूला कोणी उभं राहू देऊ नका आणि पॅकिंगची फळी अजिबात आणू नका. मार्केटला जाताना मला हाक मारा, मी येईन. दीड तास लागतो.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी